पेन्सिलीची नोंद

गेल्या अंकात या सदरात मी सहज एक वाक्य लिहून गेले: ‘चौतीस वर्षं सिस्टिम्स ॲनालिस्ट (कचेरीचं काम समजून घेऊन ते संगणकाने कसं करायचं हे लिहून देणारी) म्हणून काम केलं, निम्मी बँकांत आणि निम्मी सरकारी कचेऱ्यांत, तरी शेजारच्या काकूंना अजून वाटतं की मी कॉम्प्युटर दुरुस्त करते.’ त्यावर इतकी पत्रं आली की या महिन्यात बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत. लांबलेली पत्रं मी कापली आहेत. नावं, कंपन्या आणि खाती काढून टाकली आहेत, कारण लिहिणाऱ्यांपैकी बरेचजण अजून त्याच खुर्च्यांवर बसतात.

ताई, एमसीए झाल्यावर एका कंपनीने मला ‘बिझनेस ॲनालिस्ट’ म्हणून घेतलं आणि आमच्याच जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयात बसवलं. सहा महिने झाले. गरजा कोणी सांगत नाही. साहेब म्हणतात, ‘जीआर वाचा, सगळं त्यात आहे.’ क्लार्क म्हणतात, ‘साहेबांना विचारा.’ मला हाक येते ती फक्त प्रिंटर अडकला की. कंपनीला पंधरा दिवसांत एसआरएस (सिस्टिमने काय काय करायचं याचा लेखी आराखडा) हवा आहे. काय करू? – एक वाचक, लातूर

आधी प्रिंटर दुरुस्त कर. (पत्रातून वय दिसतंय म्हणून ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस.) चेष्टा नाही ही. ज्याचा प्रिंटर तू चालू करून देशील तो तुला खुर्ची देईल, चहा मागवेल, आणि चहा येईपर्यंतची दहा मिनिटं तुझी. ‘तुमच्या गरजा सांगा’ म्हटलं की कोणीच काही सांगत नाही. आईला विचारून बघ, ‘स्वयंपाकघरात तुझ्या गरजा काय?’ ती म्हणेल, ‘काही नाही रे, चाललंय.’

२००३ साली मी एका जिल्ह्याच्या गावी निवृत्तिवेतनाच्या टेबलाशी बसत होते. पेन्शन घेणारा माणूस हयात आहे याची खात्री दर नोव्हेंबरला करून घ्यायची असते. यादी बँकेत जाते, म्हातारी माणसं येऊन आपल्या नावापुढे सही नाहीतर अंगठा करतात. माझ्या वहीत हे काम दीड पानात बसलं होतं: यादी, सही, तारीख, नाही आला तर पेन्शन थांबवा. पण तिथल्या कारकुनांच्या यादीत काही नावांपुढे लाल शाईचा बारीक ठिपका होता. विचारलं तर म्हणाले, ‘ते आमचं आमचं आहे.’ आठ दिवस ते आमचं आमचंच राहिलं. नवव्या दिवशी, अशीच प्रिंटरची काहीतरी भानगड निस्तरल्यावर, टपरीवर चहा पिताना ते बोलले. ठिपका म्हणजे अंथरुणाला खिळलेला माणूस. अशांकडे हे गृहस्थ सुट्टीच्या दिवशी लूनावरून स्वतः जायचे आणि अंगठा घेऊन यायचे. कोणाचा आदेश नव्हता, भत्ता नव्हता. त्यांच्या आधीच्या कारकुनाने चार्ज देताना यादीबरोबर ठिपकेही दिले होते.

मी तो ठिपका ‘गृहभेट’ या नावाने आराखड्यात घातला. आढावा बैठकीत विचारणा झाली, हे कुठल्या जीआरमध्ये आहे? कुठल्याच नव्हतं, म्हणून काढलं. पुढच्या नोव्हेंबरात सिस्टिम चालू झाली आणि फेब्रुवारीत तीच गृहभेट ‘चेंज रिक्वेस्ट’ होऊन, वेगळे पैसे लावून, परत आली. मधल्या काळात एका आजोबांची पेन्शन दोन महिने थांबली. का थांबली हे सांगेल असा एकही रकाना आमच्याकडे नव्हता, आणि ठिपक्यांचे धनी तोवर निवृत्त झाले होते.

तेव्हा नमुन्याची फाइल मागू नकोस, ती नेहमीच देखणी असते. परत आलेल्या फायली माग. आक्षेप लागून आलेली देयकं, ‘त्रुटी पूर्ततेसाठी परत’ असा शेरा पडलेले अर्ज, आणि बारनिशीत (आवक-जावक नोंदवहीत) आवक क्रमांक पडून पुढे कुठेच न गेलेली पत्रं. दोन दिवस ती वाचलीस तर एसआरएसची निम्मी पानं तिथेच मिळतील.

साहेब म्हणतात तसा जीआरही वाच, पण वरून वाच. नवी मुलं प्रस्तावना ओलांडून थेट ‘शासन निर्णय’ या मथळ्यावर उडी मारतात. त्याच्या वर ‘वाचा’ म्हणून जुन्या निर्णयांची यादी असते. खरा नियम पुष्कळदा त्यातल्या तिसऱ्या-चौथ्या क्रमांकात दडलेला असतो आणि नवा निर्णय त्यातली एक अट तेवढी बदलतो. शुद्धिपत्रक निघालं असेल तर ते आणखी वेगळं. मी एका वहीत नुसती वंशावळ काढायचे, कुठला जीआर कुठल्याचा मुलगा.

आणि शब्दांना धरून बस. ‘कुटुंब’ हा एकच शब्द घे. २०१७ च्या कर्जमाफीत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि १८ वर्षांखालची मुलं, आणि दीड लाखाची मर्यादा त्या कुटुंबाला मिळून. शिधापत्रिकेवरचं कुटुंब एका चुलीवर जेवणारं. सातबाऱ्यावर कुटुंब नसतंच, खातेदार असतात. बँकेत कर्जदार असतो. नवरा गावच्या सोसायटीचा सभासद आणि बायकोचं कर्ज तालुक्याच्या बँकेत, तर दोघांना एका ओळीत आणायचं कोणी? त्या वेळी ते ओझं ऑनलाइन अर्जावर, म्हणजे शेतकऱ्यावर पडलं. २०१९ च्या योजनेत वैयक्तिक शेतकरी हाच निकष धरला आणि अर्जच काढून टाकला. याद्या बँकांनी दिल्या, प्रत्येक नावाला विशिष्ट क्रमांक पडला, आणि शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन आधारचा अंगठा लावून एवढंच सांगायचं की रक्कम मान्य की अमान्य. अमान्य असेल तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी लागली तीही आधी फक्त ६८ गावांची. मी या दोन्ही कामांत नव्हते, गावाकडच्या लोकांचे कागद हातात आले तेवढंच पाहिलं. राजकारण सोडून दे. दुसऱ्या खेपेला कोणीतरी ‘कुटुंब’ या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणालं, हा काढा. आपली नोकरी एवढ्यासाठीच असते.

पंधरा दिवसांत पूर्ण एसआरएस होणार नाही. पातळ मसुदा दे आणि शेवटी प्रश्नांची यादी जोड, प्रत्येक प्रश्नापुढे कोणाला आणि कधी विचारला त्याची तारीख घालून. बैठक झाली की इतिवृत्त त्याच संध्याकाळी पाठव. दुसऱ्या दिवशी पाठवलंस तर साहेब व्हिडिओ कॉन्फरन्सवर असतात आणि त्यांना काहीच आठवत नाही.

सांगलीकडच्या एका नागरी सहकारी बँकेत मी २२ वर्षं आहे, वय ४७. सीबीएस (सगळ्या शाखा जोडणारी बँकेची संगणक प्रणाली) आलं तेव्हा आमच्या शाखेचं मायग्रेशन (जुन्या नोंदी नव्या सिस्टिमवर नेणं) मी आणि आणखी एका सहकाऱ्याने निभावलं. पुण्यात फिनटेक कंपनीत असलेली भाची म्हणते, ‘मावशी, आम्हाला तुझ्यासारखी माणसं हवीत.’ हे खरं की कौतुक? मला कोडिंग येत नाही, इंग्रजी जेमतेम. – एक वाचक, सांगली

भाची खरं बोलते आहे. तुम्ही मायग्रेशन निभावलंय, म्हणजे पुढची गोष्ट वाचताना तुम्हाला हसू येईल.

मी एका बँकेचं (सांगलीची नव्हे, काळजी नको) असंच काम करत होते. जुन्या लेजरला ठेवीदाराची जन्मतारीख लिहायची पद्धत नव्हती. नव्या सिस्टिमला तो रकाना रिकामा चालत नव्हता. डेटा भरणाऱ्या पोरांनी १-१-१९०० टाकून दिली. रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हटलं की माणूस काहीतरी टाकतोच. शनिवारी रात्री सुरू केलेलं काम सोमवारी पहाटे संपलं, ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या नावे-जमेचा ताळा) पैशापर्यंत जुळला, व्यवस्थापकांनी पेढे वाटले. तीन महिन्यांनी व्याजाचा खर्च फुगलेला दिसला. ट्रायल बॅलन्स तेव्हाही जुळतच होता, कारण चुकीचं व्याज दोन्ही बाजूंना सारखंच चुकीचं पडतं. आम्ही सूत्रं तपासली, दर तपासले, काही सापडेना. सापडलं ते काउंटरवरच्या एका बाईंना. नूतनीकरणाची पावती हातात धरून त्या म्हणाल्या, ‘अहो, ही तर माझ्या मैत्रिणीची मुलगी, चौथीत आहे. हिला ज्येष्ठ नागरिकाचा दर कसा?’ शाखेतले निम्म्याहून जास्त ठेवीदार कागदोपत्री शंभरी ओलांडलेले होते आणि ज्या ठेवीचं नूतनीकरण होईल तिला सिस्टिम इमानाने अर्धा टक्का जास्त देत होती. दिलेलं व्याज परत घ्यायचं का, यावर संचालक मंडळ चार तास बसलं. नाही घेतलं.

मैत्रिणीची मुलगी ओळखणारी नजर कंपनीतल्या हुशार मुलांकडे नसते. त्यांना यूपीआयचा प्रवास तोंडपाठ असतो, पण पैसे एका खात्यातून गेले आणि दुसऱ्यात पोचले नाहीत तर मधल्या वेळात ते कुठल्या खात्यात बसलेले असतात हे विचारलं की शांतता पसरते. तुम्ही वर्षानुवर्षं सस्पेन्स खातं (ठिकाण न लागलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवायचं खातं) उतरवलं आहे. एका व्यक्तीने दुसऱ्याला यूपीआयवरून पाठवलेले पैसे पोचले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. हा नियम पाळायचा तर रोजचा मेळ रोज बसवणारी माणसं लागतात. जाहिरातीत त्याला ‘रिकन्सिलिएशन’ म्हणतात, तुम्ही त्याला टॅली लागणं म्हणत असाल.

मुलाखतीत एक गोष्ट आवर्जून सांगा: तुमच्या बँकेचा आयएफएस कोड स्वतःचा आहे, की मोठ्या बँकेचं उप-सभासदत्व घेऊन तिच्या कोडवर तुमचे पैसे येतात. लहान बँकांत हे सर्रास असतं, आणि ग्राहकाचे पैसे ‘बँकेत आले पण खात्यात नाहीत’ या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा तिथेच निघतं. समोरच्याने वही काढली तर समजा नोकरी लागली.

कोडिंग नको. एसक्यूएल (डेटाबेसकडून हवी ती माहिती मागायची भाषा) मात्र शिका, तीन महिने रोज तासभर. लेजरमधून नावं शोधण्यापेक्षा ते सोपं आहे. इंग्रजीची भीती मलाही होती. मी सोलापूरच्या मराठी शाळेतली. पहिली दोन वर्षं ईमेल आधी मराठीत लिहून मग इंग्रजीत उलथवायचे.

मुलगा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एक क्लास ‘बिझनेस ॲनालिस्टचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट’ देतो म्हणतो, फी दीड लाख. भरू का? – एक आई, नाशिक

नका भरू. या क्षेत्रातलं सगळ्यात वजनदार सर्टिफिकेट सीबीएपी. त्याच्या परीक्षेला बसायलाच ७,५०० तास काम केल्याचा पुरावा लागतो. तुमच्या मुलाचा अजून एक तास झालेला नाही. नवख्यांसाठीही एक परीक्षा आहे, तिला क्लासची गरज नाही, पुस्तक पुरतं. दीड लाख राहू द्या. त्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या पतसंस्थेत नाहीतर सीएच्या ऑफिसात बिनपगारी बसवा, विशेषतः मार्च एंडला.

एम.ए. मराठी केलं. कॉम्प्युटर आवडतो पण कोडिंग डोक्यात शिरत नाही. भाषांतरापलीकडे या क्षेत्रात मला काही आहे का? – एक वाचक, कोल्हापूर

आहे, आणि ते काम करणारी माणसं फार कमी आहेत. ‘कऱ्हाड’ हा शब्द टाइप करून बघा. यातला अर्धा ऱ दोन तऱ्हांनी येतो. एका तऱ्हेत ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त, आणि पाठोपाठ एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाच्या लेखी मात्र ती दोन गावं. एका कामात अर्जदार शोधताना शेकडो नावं गायब होत होती आणि प्रोग्रामर शपथेवर सांगत होता की शोध बरोबर चालतो. बरोबर चालतच होता. गायब झालेल्यांत ऱ्हे, ऱ्या, ऱ्हा असलेल्या आडनावांचा भरणा आहे हे ज्याला मराठी वाचता येतं त्यालाच दिसलं असतं. मला दिसायला चार दिवस लागले, एवढी कबुली देते.

तसंच अकारविल्ह्याचं. मुद्दाम सांगितलं नाही तर संगणक क्षीरसागरांना ‘क’मध्ये बसवतो, आणि कारकून त्यांना यादीच्या शेवटच्या पानावर शोधत राहतो. युनिकोडच्या आधीचा डेटा तर त्या-त्या फॉन्टमध्ये कोंडलेला असतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडला की सोलापूरच्या जागी रोमन अक्षरांचा पालापाचोळा. सरकारी कामात असले ढीग अजून पडून आहेत. ‘टेस्टिंग’च्या जागांसाठी अर्ज करा, आणि अर्जासोबत असल्या पाच चुका शोधून, पडद्याच्या चित्रासह जोडा. भाषाशास्त्राचा पेपर शेवटी असा कामाला येतो.

मी ठाण्याला एका सरकारी प्रकल्पावर आहे. १४ चुका अजून खुल्या आहेत, त्यातल्या दोन पैशांच्या हिशेबाच्या. मॅनेजर म्हणतात, ‘यूएटीवर (वापरणाऱ्यांनी सिस्टिम तपासून मान्य केल्याच्या कागदावर) सही घे, बिल मार्चच्या आत निघायला हवं, चुका नंतर बघू.’ ज्या अधिकाऱ्यांची सही घ्यायची त्यांची बदली झाली आहे, ते शुक्रवारी जाणार. सही मागू का? – एक वाचक

तुम्हाला तडकाफडकी नाही म्हणता येणार नाही हे मला कळतं. घराचा हप्ता तुमचा आहे, माझा नाही. पण कोरी सही घेऊ नका.

सहीच्या कागदाला परिशिष्ट जोडा. चौदाच्या चौदा चुका, प्रत्येकीपुढे काय बिघडतं, कोणाला लागतं, तोवर हाताने काय करायचं, कधी दुरुस्त होणार. वर एक ओळ: ‘परिशिष्टातील बाबींच्या अधीन राहून मान्यता.’ बदली झालेला अधिकारी असा कागद आनंदाने सही करतो, कारण त्याचीही पाठ राखली जाते. मॅनेजरही फारसं बोलू शकत नाही, बिल तर निघतंच. पैशांच्या दोन चुकांसाठी मात्र वेगळं ईमेल पाठवा, रक्कम आणि उदाहरणासह: अमुक नोंद टाकली, अमुक यायला हवं होतं, तमुक आलं.

हे एवढं का, तर इंग्लंडच्या पोस्टात काय झालं ते वाचलं असेल. १९९९ पासून तिथल्या टपाल कचेऱ्यांत होरायझन नावाची हिशेबाची सिस्टिम आली. संध्याकाळी हिशेबात तूट दिसायची. पोस्ट चालवणारी माणसं हेल्पलाइनला फोन करकरून सांगत होती की आम्ही पैसे घेतलेले नाहीत. सिस्टिम चुकत नाही असं गृहीत धरून २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक लोकांना शिक्षा झाल्या. कोणी तुरुंगात गेलं, कोणी घर विकून तूट भरली. सिस्टिममध्ये दोष होते हे न्यायालयाने २०१९ च्या डिसेंबरात मान्य केलं, आणि शिक्षा सरसकट रद्द करायला २०२४ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. त्या दोषांपैकी काही कोणत्या ना कोणत्या यादीत कधीतरी नोंदलेले होते. मला त्या बातम्यांत सगळ्यात जास्त झोंबलं ते हे.

आपल्याकडे पुराव्याच्या जुन्या कायद्यातलं ६५-ब चं प्रमाणपत्र होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं. संगणकातली नोंद कोर्टात ठेवायची तर कोणीतरी लिहून द्यावं लागतं की त्या काळात हे यंत्र नीट चालत होतं. नव्या नमुन्यात तज्ज्ञाचा भागही वेगळा भरावा लागतो. उद्या तुमच्या सिस्टिममधल्या आकड्यावरून एखाद्या रोखपालावर अफरातफरीचा गुन्हा दाखल झाला, तर ते प्रमाणपत्र लिहिणारा तुमचं परिशिष्ट शोधेल. असेल तर सापडेल.

शुक्रवारच्या आत करा. नवे साहेब आले की पहिले तीन महिने ‘मला आधी समजून घेऊ द्या’ यात जातात.

ताई, मी ३१ वर्षं सातारा जिल्ह्यात तलाठी होतो. प्रश्न नाही, तक्रार आहे. तुम्ही कॉम्प्युटरवाल्यांनी आमचा सातबारा गुळगुळीत करून टाकला. आमच्या वेळी त्यावर पेन्सिलीची नोंद असायची. बघितलं की कळायचं, या जमिनीत काहीतरी चाललं आहे. – एक निवृत्त तलाठी

भाऊसाहेब, तक्रार मान्य. बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगते. जमीन विकली गेली किंवा वारस लागले की आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफारांच्या नोंदवहीत, फेरफाराची (हक्क बदलल्याची) नोंद पडते. मग नोटिसा जातात, हरकतीला १५ दिवस असतात, आणि शेवटी सर्कलसाहेब (मंडळ अधिकारी) नोंद प्रमाणित करतात. तोवर तलाठी सातबाऱ्यावर त्या फेरफाराचा क्रमांक पेन्सिलीने घालून ठेवायचे. प्रमाणित झाली की शाईने, नामंजूर झाली तर खोडरबराने.

२००१-०२ च्या सुमारास एका तहसिलीत सातबारे संगणकावर चढत होते आणि मी तपासणीला होते. डेटा भरणाऱ्यांना दिलेली सूचना माझ्या हातची होती: ‘फक्त शाईतला मजकूर घ्यावा.’ मला ती फार शिस्तीची वाटली होती. तुमच्यासारखेच एक भाऊसाहेब बस्त्यातलं पान माझ्यासमोर ठेवून म्हणाले, ‘बाई, पेन्सिलीचं काय?’ मी म्हटलं, प्रमाणित नाही म्हणजे ती नोंद नाहीच. ते चिडले नाहीत. चष्मा काढून पुसत म्हणाले, ‘बरं. मग ज्याने परवा ही जमीन विकली, तो तुमचा हा कोरा कागद घेऊन उद्या दुसऱ्याला विकेल. तेवढं बघा.’

त्या रात्री मी विश्रामगृहावर सूचना बदलून लिहिली. तोवर चार गावं भरून झाली होती. ती परत तपासायला माणसं मिळाली नाहीत, आणि त्यातल्या काही दुरुस्त्या जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ च्या अर्जांनी पुढे किती वर्षं चालल्या ते मी मोजायचं सोडून दिलं. आजच्या सातबाऱ्यावर खाली ‘प्रलंबित फेरफार’ अशी ओळ असते, शेजारी शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा निघतो, त्यावरही ती असते. ही ओळ ज्यांनी घातली ते माझे कोणी नव्हेत, पण ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला तो चष्मा पुसणारा हात आठवला. तुमची पेन्सिल तिथे आहे, भाऊसाहेब, फक्त आता ती छापून येते.

पण तुमचं दुखणं तेवढंच नाही, हे मला कळतं. सातबाऱ्यातल्या नमुना बारामध्ये, म्हणजे पिकांच्या भागात, शेवटचा रकाना ‘शेरा’. त्यात काय काय लिहिलेलं मी वाचलंय! पड जमीन, विहीर आटली, बांधावर आंब्याची झाडं. एके ठिकाणी बारीक पेन्सिलीत नुसतं ‘बहीण मुंबईस’ एवढंच होतं, आणि कोणाची बहीण, तिचं काय, हे मला अजून कळलेलं नाही. डेटा भरणाऱ्या मुलाने विचारलं, हे घ्यायचं का? मी म्हटलं, सोड.

तुम्ही असं काय काय लिहून ठेवायचात? आठवेल तेवढं कळवा, गावांची आणि माणसांची नावं गाळून. पुढच्या अंकात छापते. पेन्सिलीने लिहिलंत तरी चालेल.